बादली कोण ढवळणार?

आमच्या घरच्या गणपतीचे विसर्जन पहिल्यांदा बादलीत झाले ते २०१६ साली. दरवर्षी आमच्याकडे शाडूची मूर्ती येते, पण त्या वर्षी भाच्याने परस्पर आणलेली मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची निघाली. नेमके त्याच वर्षी पुणे महापालिकेने घरगुती गणपतींसाठी अमोनियम बायकार्बोनेटची पावडर मोफत वाटली. माझी मुलगी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन पिशवी घेऊन आली. मी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले, तेव्हा पुढची सूत्रे आपोआप माझ्याकडे आली.

मी स्वतः देव मानत नाही. गणपती येतो तो सासूबाईंसाठी. पण त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता. आरती झाली, उत्तरपूजा झाली, नवऱ्याने मूर्ती गॅलरीत नेऊन बादलीत ठेवली, सगळ्यांनी ‘मोरया’ म्हटले आणि खिरापत वाटली गेली. श्रद्धेचा मान राहिला, नदी वाचली आणि माझे रसायनशास्त्रही उपयोगी पडले. पाहुणे आपापल्या घरी गेले.

आणि मग बादली उरली. मूर्ती पुरती विरघळायला दोन दिवस लागतात आणि अधूनमधून ती ढवळावी लागते. अमोनियाचा उग्र वास घरभर पसरला होता. दर दोन-तीन तासांनी काठी घेऊन गॅलरीत जायचे काम मी केले, मुलीने केले आणि सकाळच्या वेळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी केले. घरातल्या पुरुषांपैकी कुणी तिकडे फिरकले नाही. त्यांना कुणी मनाई केली नव्हती, पण त्यांच्या दृष्टीने विसर्जन झालेले होते. तिसऱ्या दिवशी तळाशी पांढरा गाळ बसला, त्यात निळ्या-सोनेरी रंगाचे पोपडे होते. तो गाळ खाली न्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी मला विचारले, “वहिनी, ह्यो देव हाय का कचरा? देव आसंल तर मी हात लावलेला चालंल का? आन् कचरा आसंल तर तुमी का न्हाई टाकत?”

मला उत्तर देता आले नाही. गाळ आम्ही दोघींनी मिळून खाली नेला. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. विज्ञान आणि धर्म यांनी हातात हात घालून पर्यावरण वाचवावे असे हल्ली बरेच बोलले जाते. परिसंवाद होतात, त्यात एका बाजूला शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला महाराज बसतात. दोघेही बहुधा पुरुष असतात. बाईंचा प्रश्न त्या दोघांनाही विचारला पाहिजे, असे मला वाटते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. असे सहकार्य होऊ शकते आणि व्हावे, याच मताची मी आहे. आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणींना हे पटत नाही. धर्माने बाईला इतके छळले आहे की त्याच्याशी कसली हातमिळवणी, असे त्या म्हणतात. त्यांचा राग मी समजू शकते. पण नदीकाठी जाणारी लाखो माणसे धर्माच्या भाषेत विचार करतात, आणि ती आपली वाट बघत थांबलेली नाहीत. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचे की बोलायचेच नाही, एवढाच पर्याय आपल्यापुढे आहे.

आणि बोलायला जागाही आहे. माझी एक मैत्रीण पौरोहित्य करते. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने आणि इतर काही मंडळींनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, त्यामुळे आता बाई पूजा सांगायला आली तरी शहरात फारसे कुणी दचकत नाही. तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, भाद्रपद चतुर्थीला पूजा करायची ती पार्थिव गणेशाची. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. म्हणजे प्लास्टरची मूर्ती ही परंपरा नव्हेच, ती बाजाराने आणलेली सोय आहे. दुसरी गोष्ट अशी की, प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते आणि उत्तरपूजेच्या अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून हलवली की ते निघून जाते. पुढे उरते ती माती. ती नदीत गेली, विहिरीत गेली, हौदात गेली की बादलीत, यात धर्म बुडण्यासारखे काही नाही.

आता विज्ञानाची बाजू. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून घट्ट झाले की त्याचे जिप्सम होते. जिप्सम पाण्यात विरघळतच नाही असे नाही, पण एका लिटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. किलोभर वजनाच्या मूर्तीला चारशे लिटरच्या आसपास पाणी लागेल, तेही सतत ढवळले तर. म्हणून त्या मूर्ती नदीच्या तळाशी महिनोन्‌महिने पडून राहतात. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. शुभांगी उंबरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय काढला तो शाळकरी मुलीलाही कळेल इतका सोपा आहे. जिप्सम आणि अमोनियम बायकार्बोनेट यांची पाण्यात अभिक्रिया झाली की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची भुकटी, खाली बसते आणि पाण्यात अमोनियम सल्फेट राहते. अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांच्या ओळखीचे खत आहे. पावडर साधारण मूर्तीच्या वजनाइतकीच लागते. या कामात एक स्त्री-शास्त्रज्ञ पुढे होती, ही गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नकोच.

म्हणजे धर्म म्हणतो की उत्तरपूजेनंतर ही माती आहे, आणि विज्ञान म्हणते की या मातीचे खत करता येते. दोघांची भेट झाली ती एका बादलीत. माझ्या मते हे चांगलेच झाले.

इथपर्यंत येण्यासाठी पुण्याने मोजलेली किंमत मात्र विसरता येत नाही. विसर्जित गणपती दान करा, निर्माल्य पाण्यात टाकू नका, हे सांगत महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नव्वदच्या दशकापासून नदीकाठी उभे राहत आले. त्यांना हिंदुत्ववादी संघटनांचा विरोध झाला, हा धर्मद्रोह आहे असे आरोप झाले. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घालून खून झाला. त्याच पुलाच्या खाली मुठेचा घाट आहे. आज तिथे महापालिकेचे हौद असतात आणि लोक रांगा लावून त्यात मूर्ती बुडवतात. मानाच्या गणपतींचे विसर्जनही गेल्या काही वर्षांत हौदात होऊ लागले. काल ज्याला धर्मद्रोह म्हटले ते आज पालिकेचे परिपत्रक झाले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२५ च्या उत्सवासाठी मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचे बंधन घातले. विज्ञान आणि धर्म यांचे सहकार्य असे सहजासहजी, गोड बोलून झालेले नाही. आधी कुणीतरी शिव्या खाल्ल्या, म्हणून ते झाले.

पण या सहकार्याच्या नावाखाली अर्धवट सत्येही खपवली जातात. पावडरने प्लास्टर विरघळते, रंग नाहीसे होत नाहीत. स्वस्त रंगांतले जड धातू त्या गाळातच राहतात. बादलीतले पाणी खत आहे हे खरे, पण ते भरपूर पाणी घालून पातळ केल्याशिवाय कुंडीत ओतले तर तुळस जळून जाईल. आणि ते मोरीत ओतले तर तेच नायट्रोजन शेवटी नदीत जाऊन शेवाळ माजवणार. शाडू म्हणजे पुण्य, असेही समजू नये. शाडूची माती गुजरातेतून खणून आणतात आणि ती ढिगांनी नदीत गेली तर तळाशी गाळच होतो. प्लास्टरवर बंदी घाला म्हणताना पेण-हमरापूरच्या कारखान्यांत मूर्ती घासणाऱ्या, रंगवणाऱ्या बायांच्या मजुरीचे काय, हे विचारायला हवे. शाडूची मूर्ती घडवायला वेळ जास्त लागतो, वाळायला जागा लागते, ती हाताळताना मोडते. हा वाढीव खर्च मजुरीतून कापला जाणार असेल तर ते पर्यावरणरक्षण आपल्या कामाचे नाही.

आणखी एक. मुठा नदी काही गणपतींनी मेलेली नाही. शहराचे सांडपाणी पूर्ण शुद्ध न होता वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तिच्यात येते आणि विसर्जनाचे दिवस फार तर दहा. बाईच्या हातातल्या निर्माल्याच्या पिशवीकडे बोट दाखवणे सोपे असते, कारण ती उलटून बोलत नाही. नाल्याकडे बोट दाखवले की पालिका, बिल्डर आणि सरकार अशा सगळ्यांची नावे घ्यावी लागतात. धर्माचार्य आणि शास्त्रज्ञ एका व्यासपीठावर आले की त्यांनी हे दुसरे बोटही दाखवावे, एवढी अपेक्षा आहे.

विज्ञान आणि धर्म यांच्या मैत्रीचे दुसरे उदाहरण नेहमी दिले जाते ते देवरायांचे. सह्याद्रीत गावोगावी काळकाई, वाघजाई, सोमजाई अशा देवींच्या नावाने राखलेली रानाची तुकडी आहेत. तिथले लाकूड तोडायचे नाही, काही ठिकाणी तर पडलेली काटकीही उचलायची नाही, देवीचा कोप होतो. १९७०च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ या राया पायी हिंडले. आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले असताना देवीच्या रायांत जुने अरण्य टिकून आहे, दुर्मीळ झाडे आणि जाडजूड वेल आहेत, झरे जिवंत आहेत, हे त्यांनी नोंदवले आणि जगापुढे मांडले. त्याआधी दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासची देवीची ठाणी पायी फिरून अभ्यासली होती. शिकलेल्या माणसांना जी अडाण्यांची समजूत वाटत होती तिच्यात निसर्ग राखण्याची एक रीत होती, हे या अभ्यासांनी दाखवले. तो मोठाच धडा होता.

पण देवराईच्या कौतुकात बाईचा उल्लेख फारसा येत नाही. देवी बाई आहे, पण पाळी आलेल्या बाईला अनेक रायांत पाऊल टाकता येत नाही. देवीला कौल लावणारा पुरुष आणि राईबद्दल ठरवणारे गावकीतले पंचही पुरुष. काटकी उचलायची नाही हा नियम मोडू नये म्हणून सरपणाचा भारा आणायला लांबच्या डोंगरावर जाणारी मात्र बाई. हेही खरे की त्याच राईतल्या झऱ्याचे पाणी एप्रिल-मेमध्ये टिकते तेव्हा तिची दोन मैलांची पायपीट वाचते. म्हणजे राईचा फायदा तिला सगळ्यात जास्त, राई राखण्याचा भारही तिच्यावर सगळ्यात जास्त, आणि निर्णयात वाटा शून्य. आता गावाकडे पैसा आला, देवळांचे जीर्णोद्धार निघाले. राईतली झाडे तोडून देवीला सिमेंटचे देऊळ आणि फरशीचा सभामंडप होतो. धर्माने राखलेली राई धर्मच तोडतो, असा हा प्रकार आहे. हा निर्णय घेताना पाणी भरणाऱ्या बायांना विचारले असते तर त्यांनी झाडे तोडू दिली असती का? मला तरी वाटत नाही. आणि जिला विटाळ म्हणून राईबाहेर ठेवले तिने पुढे राईसाठी भांडावे, ही अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची?

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मंडईत वडाच्या फांद्यांचे ढीग विकायला येतात. ब्लॉकमधल्या बायकांना वडापर्यंत जाणे जमत नाही, म्हणून वडाचा तुकडा घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात जातो. वडाच्या फळांवर किती पक्षी, वटवाघळे, किडे जगतात हे शिकलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून पर्यावरणवादी मंडळी सांगू लागली की फांदी तोडू नका, झाडापाशी जा, नाहीतर वडाचे रोप लावा. ही सूचना योग्यच आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती ऐकलीही गेली.

पण एका वटपौर्णिमेला आमच्या सोसायटीत रोप लावण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी अस्वस्थ होऊन घरी आले. नटूनथटून आलेल्या बायका होत्या, वडाचे रोप होते, भाषण देणारे गृहस्थ होते. त्यांनी सांगितले की वड भरपूर प्राणवायू देतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी बायकांसाठी हे व्रत ठेवले, हे व्रत पूर्ण वैज्ञानिक आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मजल्यावरची एक विधवा शेजारीण दारातून बघत होती. तिला कुणी बोलावले नव्हते. झाडे लावायला नवरा जिवंत असावा लागतो का, हे मी विचारायला हवे होते. मी ते त्या वेळी विचारले नाही, याची मला अजून लाज वाटते.

या सहकार्यातला धोका मला दिसतो तो इथे. फांदी वाचली, पण व्रत जसेच्या तसे राहिले, उलट त्याला विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळाले. बाईने उपास करायचा, नवऱ्याच्या आयुष्यासाठी, सात जन्म. त्याने तिच्यासाठी काय करायचे ते पोथीत नाही. प्राणवायूचे कारण पुढे केले की या प्रश्नाला बगल देता येते. प्रथेतून परिसराचे भले होत असेल तर तेवढे जरूर म्हणावे, पण म्हणून प्रथा वैज्ञानिक ठरत नाही. आणि ती वैज्ञानिक ठरली तरी न्याय्य ठरत नाही. विज्ञान झाडाबद्दल सांगेल. बाईने कुणासाठी उपाशी राहायचे, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

याच्या उलट, बायांनी स्वतः जपलेल्या रीतींकडे मात्र या परिसंवादांत कुणाचे लक्ष जात नाही. माझ्या माहेरी खड्याच्या गौरी असत. पाणवठ्यावरून पाच-सात खडे आणायचे, त्यांची पूजा करायची, तिसऱ्या दिवशी परत पाण्यात सोडायचे. शाडू नको, प्लास्टर नको, रंग नको. जिथून आणले तिथे परत. काही घरांत तेरड्याच्या रोपांची गौर असते, तीही तशीच मातीत मिसळून जाते. हरितालिकेला वाळूची पिंड करतात. पत्री गोळा करता करता आघाडा, माका, रुई, शमी, अर्जुन, डोरली अशी कितीतरी झाडे मुलींना लहानपणीच ओळखू येत. वनस्पतिशास्त्राचा माझा पहिला तास आजीने परसात घेतला होता. ही पत्री आता मंडईत जुडीने विकत मिळते, झाडे ओरबाडून आणलेली, आणि मुलींना त्यातले एक पान ओळखता येत नाही. इथे शास्त्र शिकलेल्या बाईला आणि आजीला एकत्र बसण्यासारखे काम आहे. परसात, सोसायटीच्या आवारात ही झाडे लावावीत, मुला-मुलींना ती ओळखायला शिकवावीत आणि पूजेला एकेक पान घ्यावे.

पण खड्याच्या गौरीतही मेख आहेच. खडे आणायला कुमारिका किंवा सवाष्ण लागते. माझी आत्या तिशीत विधवा झाली. गौरीच्या दिवशी ती आत बसून पुरण वाटत असे. खडे पाण्यातून आणायला वैधव्याची अडचण होती, पुरण वाटायला नव्हती. नदीला आणि खड्यांना सवाष्ण कोण हे कळत नाही. ते ठरवले माणसांनी. आणि माणसांनी ठरवलेले माणसांना बदलता येते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही तसे परिपत्रक काढले. उत्तरपूजेनंतरची मूर्ती माती असते हे जसे धर्मातूनच निघाले, तसे हेही धर्म मानणाऱ्यांनाच ठरवता येईल. नदीसाठी रीत बदलायला जे तयार झाले त्यांनी बाईसाठीही तयार व्हावे, ही मागणी मला मुळीच अवास्तव वाटत नाही.

आता पुन्हा बाईंच्या प्रश्नाकडे येते. हा देव आहे का कचरा?

अनंत चतुर्दशीला कोणत्याही घाटावर जाऊन बघा. हौदापलीकडे निर्माल्याचे ढीग असतात. त्यातून हार, दूर्वा, केळीचे खुंट वेगळे आणि प्लास्टिक, थर्माकोल, उदबत्तीची पाकिटे वेगळी करत बसलेल्या असतात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या बाया. फुलांचे खत होते, ते त्यांनी निवडून दिले म्हणून. या कचरावेचक बायांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली पुण्यात उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ निघाली. यातल्या बहुतेक जणी दलित आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांच्या हातात देवाची फुले येतात ती कुजायला लागल्यावर. पर्यावरणपूरक उत्सवाच्या बातमीत महापौरांचा फोटो येतो, शास्त्रज्ञांचे नाव येते, मंडळाच्या अध्यक्षांचा सत्कार होतो. ढिगापाशी बसलेली बाई कुठल्याही बातमीत नसते. रात्रीच्या त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळतो का, हातमोजे मिळतात का, जवळपास तिच्यासाठी स्वच्छतागृह असते का, हे प्रश्न कुणी पर्यावरणाचे मानत नाही. मला ते पर्यावरणाचेच वाटतात. तिने एक दिवस हात आखडता घेतला तर पुण्याचा सगळा पर्यावरणपूरक गणेशोत्सव दुसऱ्या दिवशी सकाळी नदीत वाहत असेल.

म्हणून विज्ञान आणि धर्म यांच्या सहकार्याला माझा पाठिंबा आहे, पण तो तीन अटींवर. पहिली, दोघांनी खरे बोलावे. विज्ञानाने आपल्या उपायाच्या मर्यादा सांगाव्यात आणि धर्माने आपल्या प्रत्येक रूढीला विज्ञानाचा मुलामा देऊ नये. दुसरी, नदी आणि झाडे यांच्यासाठी जी रीत बदलली जाईल, ती बदलताना तिच्यातला बाईवरचा आणि जातीवरचा अन्याय तसाच पुढे नेऊ नये. आणि तिसरी, नव्या रीतीचे काम कोण करणार हे आधी ठरवावे. पर्यावरणपूरक म्हणून जे जे सांगितले जाते ते करून बघा. ओला-सुका कचरा वेगळा करा, कापडी पिशव्या शिवा, प्लास्टिकच्या पत्रावळीऐवजी ताटे वापरा, मूर्ती घरात विरघळवा. यातले प्रत्येक काम घरात येते आणि घरात आलेले काम बाईच्या अंगावर पडते. पृथ्वी वाचवायची म्हणून बाईचा दिवस आणखी दोन तासांनी वाढवायचा असेल, तर ती पृथ्वी कुणासाठी वाचवायची?

या अटी घालायला मोठे व्यासपीठ लागत नाही. पुढच्या वर्षी गणपती बसायच्या आधीच मी घरात सांगून टाकले की पूजेला जो बसेल तोच शेवटपर्यंतचे सगळे करील. विसर्जन म्हणजे मूर्ती विरघळून माती कुंड्यांत घालेपर्यंत. नवरा हसला, पण कबूल झाला. मूर्ती शाडूची होती, तेव्हा पावडर लागली नाही, साध्या पाण्यात ती लवकर विरघळली. पहिल्या दिवशी त्याला बादलीची आठवण करून द्यावी लागली, दुसऱ्या दिवशी नाही. सासूबाई आधी कुरकुरल्या आणि मग म्हणाल्या, “बरंय की. आमच्या वेळी असं कुणी विचारलंच नाही.” त्या वर्षी माती कुंड्यांत घालायला शेजारणीलाही बोलावले. तिने आपल्या गॅलरीतली जास्वंदाची कुंडी आणली होती.

कामाला येणाऱ्या बाईंनी तेव्हा बादलीकडे बघून विचारले, “औंदा साहेब ढवळत्यात व्हय?” मी हो म्हटले. त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला अजूनही पुरते सापडलेले नाही. पण देव असो की माती, ज्याने आणला त्यानेच तो शेवटपर्यंत न्यावा, एवढे मला आता नक्की वाटते.

तुमच्या गावच्या नदीवर, तुमच्याकडच्या देवराईत, तुमच्या घरच्या सणावाराला काय चालते, रीत बदलली तेव्हा काम कुणाच्या वाट्याला आले, ते जरूर लिहून कळवा. मतभेद असतील तर तेही कळवा. या विषयावर आपल्या बैठकीत एकदा सविस्तर बोलायला हवे.